लोखंड उकडणारे काका

माणसं बटाटे उकडतात, अंडी उकडतात, भुईमुगाच्या शेंगा उकडतात. आमचे उकडेकाका लोखंड उकडत. सकाळी साडेदहाला प्रयोगशाळेचं दार उघडलं की त्यांचं पहिलं काम म्हणजे शेगडी पेटवणं. तिच्यावर पाण्याने भरलेला अल्युमिनियमचा मोठा गंज चढवायचा आणि उकळी फुटली की वाकवलेल्या सळया एकेक करून आत सोडायच्या. वर झाकण. मग भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल टाकून बसायचं ते बरोबर अर्धा तास. एकोणतिसाव्या मिनिटाला कोणी "झालं असेल आता" म्हणालं, तर त्याने कच्ची भाकर मागितल्यासारखं ते त्याच्याकडे पाहत.

उकडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. हजेरीपटावर वेगळंच होतं आणि ते फक्त पगारपत्रक करणाऱ्या बाईंना ठाऊक होतं. पण आमच्याकडे झाडे आहेत, घोडे आहेत, वाघाडे आहेत, तर उकडे का नसावेत? विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव ठेकेदारांनी उचललं, मग शिक्षकांनी, आणि शेवटी लग्नाच्या पत्रिकासुद्धा 'श्री. व सौ. उकडे' अशा येऊ लागल्या. काका त्या लग्नांना जाऊन, जेवून, घाटंजीच्या शेवटच्या एसटीने घरी जात. चूक दुरुस्त करावी असं त्यांना कधी वाटलं नाही. इतर सगळ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात वेळ जात असल्यामुळे बहुधा स्वतःच्या नावासाठी तो उरत नसावा.

आमचं तंत्रनिकेतन यवतमाळला. जिल्ह्यात कुठे पाण्याची टाकी, शाळेची खोली, लहानसा पूल व्हायचा असला की त्याच्या सळया आमच्याकडे तपासायला येतात. मी त्या प्रयोगशाळेची प्रमुख आणि काका माझे सहायक. म्हणजे कागदावर तसं होतं. रिपोर्टवर सही माझी, पण ती मी कधी करायची हे काका ठरवत. उकडण्याची भानगडही काही त्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती, ती रीतसर चाचणी आहे. एकदा वाकवलेलं लोखंड नुसतं पडून राहिलं तरी वर्षांमागून वर्षं आतल्या आत कडक होत जातं. तेवढी वर्षं थांबायला कोणाला वेळ नसतो, म्हणून सळई वाकवायची, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायची, गार करायची आणि मग उलटी वाकवून पाहायची. वाकाच्या जागी चीर पडली की सळई नापास. पुस्तकात हे चार ओळींत आटोपतं. काकांनी त्याचं व्रत करून ठेवलं होतं.

एकदा पुण्याकडचे नवे प्राचार्य आले. त्यांनी प्रयोगशाळेची नोंदवही मागवली तर प्रत्येक पानावर काकांच्या अक्षरात लिहिलेलं, 'नमुना गंजात ठेवला.' आमच्याकडे उभट पातेल्याला गंज म्हणतात हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत. तपासणीसाठी आलेल्या सळया जाणूनबुजून गंजात ठेवल्याबद्दल दोन दिवसांत लेखी खुलासा करावा, असा मेमो आला. काकांनी तो शांतपणे वाचला आणि खाली उत्तर लिहिलं, 'गंज रोज राखेने घासून स्वच्छ ठेवला जातो.' प्राचार्यांना तो उद्धटपणा वाटला. मला त्यांच्या केबिनमध्ये अर्धा तास बसून पातेलं, तपेलं आणि गंज यांतला फरक समजावून सांगावा लागला. परत येऊन मी काकांवर चिडले, की सरळ 'पातेलं' लिहायला काय झालं होतं? तर म्हणाले, "पातेल्यात ठेवलंच नाही तं लिहू कसं?"

ठेकेदारांशी त्यांचं वेगळंच होतं. सळया येतात बारा मीटर लांब. ट्रकमध्ये मावाव्यात म्हणून मधोमध दुमडून आणतात आणि कामावर पोचल्या की ठोकून सरळ करतात. तपासायला मात्र ठेकेदार सरळ टोकाचा, स्वच्छ, चकचकीत तुकडा कापून आणतो. काका तो हातात घेऊन उलटासुलटा करत आणि विचारत, "हा तं फोटो झाला. नवरदेव कुठी हाये?" नवरदेव म्हणजे दुमडलेल्या कोपराचा तुकडा. तो आणायला माणूस परत पुसदला नाही तर पांढरकवड्याला धाडायचा, आणि त्याने जाता जाता माझ्याकडे तक्रार करून जायचं, हे ठरलेलं. नियमात कोपराचा तुकडा मागायची काही सोय नाही, हे मी त्यांना नियम उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, मान डोलवली आणि पुढच्या ठेकेदारालाही परत पाठवलं.

माझ्या शिकवण्यावरही त्यांचा राग होता. सळईवर ताण वाढवत नेला की ती किती लांबते याचा आलेख मी फळ्यावर सुरेख काढते, असं माझं मत आहे. काका खिडकीतून पाहत आणि तास संपल्यावर म्हणत, "मॅडम, तुमची सळई फळ्यावर कधी तुटून नाही राह्यली." मग पोरांना यंत्राभोवती उभं करायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची. सळई ताणली जायला लागली की वरची काळी खपली झडायला लागे. काटा चढता चढता एका जागी घुटमळला की काका बोट वर करत. एवढं एकच वाक्य ते त्या तासाला बोलत, की इथवर सोडली असती तर ती होती तशी झाली असती, आता सोडली तरी होणार नाही. पोरं ते वाक्य परीक्षेत जसंच्या तसं लिहीत आणि मला पूर्ण गुण द्यावे लागत.

त्यांचं दुसरं एक वाक्य मात्र मी इतक्यांदा ऐकलं की कानाला घट्टे पडायचे बाकी राहिले. "वाकते तवा नाही तुटत, सरळ कराले गेलं का तुटते." हे ते कशालाही लावत. एखाद्या पोराला मी झापून झाल्यावर पाठीवर हात ठेवायला गेले, की हे वाक्य. रुसलेल्या शिपायाची समजूत काढायला गेले, की हेच. माझं आणि नवऱ्याचं काही बिनसलं असावं अशी त्यांना शंका आली त्या दिवशीही हेच. आमचं काही बिनसलेलं नव्हतं, मला सर्दी झाली होती.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण काका माझ्या घरात शिरले.

माझे वडील यवतमाळातच, गावाच्या टोकाला दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत. एसटीत कंडक्टर होते. आई गेल्यावर स्वतःचं स्वतः करत होते, पण मग एकदा छातीत दुखून पडले आणि शेजारच्यांना कळेपर्यंत दुपार झाली. त्यानंतर एकच ठरलं की आम्ही तिथे राहायला जायचं. खाली दोन खोल्यांत आम्ही चौघं आणि बाबा मावणं शक्य नव्हतं, म्हणून वर मजला चढवायचा. त्याची सोय बाबांनी घर बांधतानाच केलेली होती. सगळेच करतात तशी. आठ कॉलमच्या बत्तीस सळया गच्चीवर हातभर उघड्या सोडलेल्या. माझ्या लग्नात हळदीचा मांडव गच्चीवर घालायचा होता, तेव्हा पाहुण्यांना लागतील म्हणून बाबांनी त्यांच्यावर लोखंडी पाइप चढवून एकेक आडवी करून टाकली. त्याला चौदा वर्षं झाली होती. आता मिस्त्री येणार, ठोकून उभ्या करणार आणि दोन महिन्यांत खोल्या तयार. बाबांनी वरच्या खिडक्या कुठल्या दिशेला हव्यात हेसुद्धा खडूने आखून ठेवलं होतं.

ही हकीकत मी डबा खाताना काकांसमोर बोलले, ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक. रविवारी सकाळी आठच्या एसटीने काका घाटंजीहून माझ्या वडिलांच्या दारात हजर. मला पत्ता नाही. मी पोचले तेव्हा दोघं गच्चीवर चहा पीत होते, आणि काकांनी एक सळई वाकाच्या खालून कापून पिशवीतही टाकली होती. मी वैतागून विचारलं की आता हीसुद्धा उकडणार का? काका म्हणाले, गरज नाही, यवतमाळच्या उन्हात चौदा उन्हाळे शिजली आहे.

सोमवारी त्यांनी ती सळई सरळ केली. वाकाच्या जागी भिंग लावून पाहिलं, मीही पाहिलं. चीर नाही. यंत्रात लावून ओढली, तर नव्या सळईइतकाच भार घेऊन, व्यवस्थित लांबून मग तुटली. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच बाबांना फोन लावायला घेतला.

"थांबा," काका म्हणाले. "जे तपासली ते आता आपल्या कामाची नाही राह्यली. अन् जे कामाची हाये, ते आपण तपासलीच नाही."

मी म्हटलं, मग उरलेल्या एकतीस पण कापू या का? म्हणजे तुम्हाला सगळ्यांबद्दल खात्री होईल आणि गच्चीवर एकही उरणार नाही. ही नापास झाली असती तर काम थांबवायचं होतं, आणि पास झाली तरी थांबवायचं, तर मग ही कापली तरी कशाला? यावर ते म्हणाले, "न कापता नाही म्हटलं असतं तं तुमी ऐकलं असतं काय?" मी ऐकलं नसतं हे खरं होतं. पण कापूनही मी ऐकत नव्हते.

माझ्याशी वाद घालायच्या भानगडीत न पडता ते थेट बाबांकडे गेले. त्यांचं म्हणणं असं, की वाकवलेल्या सळयांना हातच लावायचा नाही. कॉलमचं डोकं फोडत खाली जायचं, जिथे जुनी सळई कधी वाकलेलीच नाही तिथपर्यंत, आणि तिच्या अंगाला नवी सळई बांधून वर आणायची. पण असं फोडकाम करताना छताला खालून टेकू लावावे लागतात आणि एका वेळी एकच कॉलम घेता येतो. तो भरायचा, पाणी मारायचं, मुरू द्यायचा, मग दुसरा. आठ कॉलम म्हणजे चार-पाच महिने. मी बाबांना सांगितलं की जिल्ह्यातली निम्मी घरं सळया ठोकूनच वाढली आहेत आणि उभी आहेत. बाबा कंडक्टर माणूस, त्यांनी आयुष्यभर बस भरली तरी दोन माणसं दारात लटकू दिली नव्हती. काकांना ते मास्तर म्हणत. म्हणाले, "मास्तर म्हणते तसंच करू. वरतं माहे नातू झोपतीन."

कार्तिकात काम निघालं. दर रविवारी काका येत, टेकू हलवून पाहत, मिस्त्रीला भंडावून सोडत आणि बाबांबरोबर जेवून परत जात. मिस्त्री दोनदा काम सोडून गेला, दोनदा मी हातापाया पडून आणला. बाबांना धुळीचा खोकला लागला. मी म्हटलं, तोवर आमच्या भाड्याच्या घरी चला, तर त्यांना काकांची सोबत सोडवेना. दोघं म्हातारे टेकूंच्या मधोमध खुर्च्या टाकून कापसाच्या, पावसाच्या आणि जुन्या एसटी गाड्यांच्या पाट्यांच्या गप्पा मारत. मला ते दृश्य पाहून कपाळावर हात मारावासा वाटे.

फाल्गुनात सहा कॉलम झाले होते, दोन राहिले होते. एका सकाळी बाबा उठलेच नाहीत.

तेरवीला काका आले. पंगत उठल्यावर अंगणात मला म्हणाले, "दोन कॉलम राह्यले, मॅडम. ते सोडू नका." त्या क्षणी माझ्या डोक्यात काय गेलं मला माहीत नाही. चार महिने तोंडापर्यंत येऊन मी गिळलेलं सगळं बाहेर पडलं. मी म्हटलं, सळया सरळ केल्या असत्या तर पौषात आम्ही वर राहायला आलो असतो, आणि त्या रात्री मी बाबांच्या जवळ असते. आणि म्हटलं, "तुमच्या घरचं असतं ना काका, तर दुसऱ्या दिवशी ठोकून मोकळे झाला असता." सगळे नातेवाईक ऐकत होते. काकांनी खाली पाहिलं, चप्पल पायात सरकवली आणि ते एसटी गाठायला निघून गेले.

राहिलेलं काम नवऱ्याने पुरं केलं. आम्ही वर राहतो, खालच्या खोल्यांना कुलूप आहे. त्या एकतीस सळया सरळ झाल्या असत्या की त्यातली एखादी तुटली असती, हे आता कोणालाच कळणार नाही, आणि या गोष्टीचा मला आजही संताप येतो. काका त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी चांगलं भाषण केलं. त्यांना स्टँडवर पोचवायला मात्र सगळे गेले तरी मी गेले नाही, वह्या तपासायच्या आहेत असं सांगितलं. पुढच्या श्रावणात ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी परीक्षेच्या कामावर होते.

महिन्याभराने मी घाटंजीला त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. काकू घरी होत्या आणि पुसदहून मुलगा आलेला होता. दोनच खोल्यांचं घर. मुलाचं लग्न झालं, पोरं झाली तशी जागा पुरेना, म्हणून तो पुसदला भाड्याने राहतो असं त्याने सांगितलं. आता आई एकटी पडली, तेव्हा वर दोन खोल्या काढून परत यायचा त्याचा विचार होता. काकू म्हणाल्या, "मॅडम, तुमी आल्याच हात तं गच्ची पाहून घ्या. ह्यायले कितीकदा म्हटलं, पोरासाठी वरतं बांधू. कधी आयकलं नाही. म्हणत, मले वर-खाली होत नाही."

मी गच्चीवर गेले. चारही बाजूंच्या कॉलमच्या सळया आडव्या वाकवलेल्या होत्या, त्यांना दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर साड्या वाळत होत्या.

काकू मागून चढत आल्या आणि सहज सांगू लागल्या. "ह्या म्या वाकोल्या. वीसक वर्ष झाले असन. मुंगोड्या-पापड वाळू घाला म्हटलं तं जागा नाही, साड्या अडकून फाटत होत्या. हे डुटीवर गेलते. हापशीचा पाइप घातला अन् वाकोल्या समद्या."

मी विचारलं, "काका आल्यावर काय म्हणाले?"

"काही नाही. पाह्यलं. मंग खाली येऊन जेवले." काकूंनी एक साडी चाचपून पाहिली. "मले एकदा वाटलं व्हतं, म्या वाकोल्यानं तं खराब नसन झाल्या ह्या? इचारलं तं हासाले लागले. म्हणे, तुह्या हातात तेवढा जोर असता तं कालेजात मशीन कायले आणली असती?"

ज्या माणसाने गंजाला पातेलं लिहून दिलं नाही, त्याने हे सांगितलं होतं. मुलगा पुसदला गेला, नातवंडं गेली, तरी ते तसंच ठेवलं. कॉलम फोडायला काढले असते तर ते कशासाठी, हे बायकोला सांगावं लागलं असतं. मी जवळच्या सळईवर हात ठेवला. वाकाच्या जागी अंगठा फिरवला तर नखाला बारीकशी चीर लागली. मला काकांचा राग आला, आणि तेरवीच्या दिवशी जे बोलले त्यासाठी माझा स्वतःचा त्याहून जास्त.

"म्हंजे माह्यानं नाही ना झालं?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू," मी म्हटलं. "काका बरोबर सांगत होते."

मग मी मुलाला गच्चीच्या कोपऱ्यात बोलावलं आणि सांगितलं की या सळयांना हात लावायचा नाही. खालून टेकू लाव, एका वेळी एकच कॉलम घे, डोकं फोडून खाली सरळ सळई लागेपर्यंत जा आणि तिथून नवी घेऊन वर ये. मी दर रविवारी येऊन पाहीन. तो सळयांकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. "पण मॅडम, ठोकून सरळ होतात की ह्या," तो म्हणाला. "येवढा कुटाणा कायले?"

काकू तिथेच साड्या काढत उभ्या होत्या. मी त्याला कारण सांगितलं नाही.